उपाय ड्युटी लिस्टपासून सुरू होतो

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्याकडे एक सीनिअर स्टाफ नर्स आहेत. कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अवघड शीर त्यांनाच सापडते, पेशंट बिघडतोय हे सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळतं. पण नवीन मुलींना त्या नोकरी नकोशी करून सोडतात. पेशंटसमोर पाणउतारा करतात, ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना, मुद्दाम अर्धवट सांगतात आणि मग ‘एवढंही विचारता येत नाही?’ म्हणून सगळ्यांसमोर हसं करतात. त्यांच्या मर्जीतल्या दोघी-तिघी त्यांचीच री ओढतात. आत्तापर्यंत दोन मुली वॉर्ड बदलून गेल्या. तिसरीने परवा राजीनामा लिहून माझ्या हातात दिला. तो मी अजून पुढे पाठवलेला नाही. मेट्रनकडे, म्हणजे आमच्या नर्सिंगच्या प्रमुखांकडे, गेले, तर त्या म्हणाल्या, ‘आपणही यातूनच गेलो, टिकणारी टिकते.’ आता व्यवस्थापनाने कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध धोरण लिहायला समिती नेमली आहे आणि तिच्यात माझं नाव आहे. कागदावरच्या धोरणाने खरंच काही बदलतं का? आणि ज्यांच्या जिवावर माझा वॉर्ड चालतो, त्या बाईंशी मी बोलू तरी कशी?
– एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर :

प्रिय सिस्टर,

समितीचं नंतर बोलू. आधी तुमच्या हातातला तो राजीनामा.

तो तुम्ही काळजीपोटी ठेवून घेतलात हे मला कळतं, पण त्या मुलीला ते कसं कळणार? तिच्या लेखी तुम्हीही बघून गप्प बसणाऱ्यांतल्याच एक आहात. तेव्हा आज-उद्याच तिला बोलवा. वॉर्डात नको, जिथे कुणाची ये-जा नाही अशा खोलीत बोलवा, आणि तिच्या ड्युटीच्या वेळात, सुट्टीच्या दिवशी नाही. बसल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा : ‘तुझ्याशी जे वागलं जातंय ते मी पाहिलंय, आणि ते चुकीचं आहे.’ इन्चार्जच्या तोंडून एवढं ऐकायला न मिळाल्यामुळेच कितीतरी मुली स्वतःलाच दोष देत घरी जातात. मग तिला बोलू द्या. काय झालं, कोणत्या दिवशी, कोणत्या शिफ्टला, तिथे आणखी कोण होतं, हे तिच्यासमोरच लिहून घ्या आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा.

काही वाक्यं मात्र ओठांवर आली तरी गिळा. ‘त्या बोलायला फटकळ आहेत, पण मनाने चांगल्या आहेत’ हे त्यांतलं पहिलं. ‘तू जरा घट्ट हो’ हे दुसरं. आणि ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असं वचनही देऊ नका, कारण पाहिलेल्या छळावर कारवाई करणं हे तुमचं काम आहे. कारवाईच्या आधी तुला सांगेन, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, एवढा शब्द द्या. तो पाळता येतो. राजीनामा मागे घे म्हणून गळ घालू नका. थोडा अवधी मागा, आणि त्या अवधीत काय बदलणार हे नेमकं सांगा. तरीही तिला जायचंच असेल तर सन्मानाने जाऊ द्या, पण जाण्याचं खरं कारण लिहून. तिला झोप येत नसेल, ड्युटीला निघताना पोटात गोळा येत असेल, जगणं नकोसं वाटतंय असं काही ती बोलली, तर समिती-बिमिती बाजूला ठेवून त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

आधीच्या दोघी वॉर्ड बदलून गेल्या, असं तुम्ही लिहिलंत. त्यांच्या बदलीच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते जरा काढून बघा. बहुधा ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं असेल. म्हणजे दफ्तराच्या दृष्टीने तुमच्या वॉर्डात काही घडलेलंच नाही. जिला त्रास झाला तिलाच उचलून दुसरीकडे ठेवायचं आणि जागा रिकामी झाली की तिथे नवी मुलगी आणायची, ही पद्धत जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात आहे. छळ वर्षानुवर्षं टिकतो तो अशा पद्धतींमुळे. एका माणसाच्या तिखट जिभेने एवढं होत नाही.

मेट्रनबाईंचं ‘आपणही यातूनच गेलो’ हे वाक्य या व्यवसायात फार जुनं आहे. अमेरिकेत १९८६ साली जुडिथ माइसनर या नर्सने एका नर्सिंग मासिकात विचारलं होतं, आपण नर्सेस आपल्याच पिल्लांना खातो आहोत का? त्या प्रश्नाची चर्चा आजही जगभर होते, कारण वाचणाऱ्या प्रत्येकीला आपलं पहिलं वर्ष आठवलं. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, सुझन रॉबर्ट्स यांनी त्यामागचं कारण मांडलं होतं. ज्या गटाला वरून सतत दाबलं जातं, तो गट वर प्रतिकार करू शकत नाही आणि आपला राग आपल्याच खालच्यांवर काढतो. डॉक्टर, प्रशासन, रुग्णाचे नातेवाईक या सगळ्यांकडून ऐकून घेणारी नर्स शेवटी ऐकवते कुणाला, तर नव्या मुलीला. यात तथ्य आहे. पण माझ्या मते हे स्पष्टीकरण आपल्याला फार सोयीचं पडलं. परिस्थितीच अशी म्हटलं की कुणीच जबाबदार राहत नाही.

म्हणून मला त्यानंतरचं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियात मेरी हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या नर्सेसना सविस्तर बोलतं केलं. पुढे आलेलं चित्र एका रागीट बाईचं नव्हतं. छळ करणाऱ्यांचं आपसांत संधान असतं, एकमेकींना त्या सांभाळून घेतात आणि त्यांची हत्यारं असतात ती रोजच्या कामकाजाचीच : कामाची वाटणी, रजा, मूल्यमापन, चुकांची नोंद. वरच्यांना दिसतं ते फक्त ‘कडक शिस्तीचं काम’.

आता तुमचं पत्र याच नजरेने पुन्हा वाचा. अर्धवट ओव्हर. मर्जीतल्या दोघी-तिघी. नव्या मुलींच्या वाट्याला सगळ्यात जड पेशंट कोण देतं? ओळीने लागणाऱ्या नाइट कुणाच्या नावावर येतात? सणावाराची रजा कुणाची नाकारली जाते आणि कुणाची न मागता मंजूर होते? ड्युटी लिस्टवर सही तुमची असते. पण मला शंका आहे की ती कच्ची करून आणतात त्या सीनिअर बाई, कारण ‘त्यांना सगळ्यांच्या अडचणी माहीत असतात’. तसं असेल, तर वॉर्डातला खरा अधिकार तुम्ही त्यांच्या हाती देऊन बसला आहात. त्यांच्याशी काय बोलायचं याआधी तो परत घ्यायला हवा.

पुढची लिस्ट तुम्ही स्वतः करा. नियम आधी भिंतीवर लावा : एका महिन्यात कुणालाही किती नाइट, लागोपाठ जास्तीत जास्त किती, मोठ्या सुट्ट्यांच्या दिवशी पाळी कशी फिरेल, अदलाबदल करायची तर कुणाला विचारून. लिस्ट लागल्यावर मागच्या तीन-चार महिन्यांच्या लिस्ट शेजारी ठेवा आणि नावानुसार नाइट मोजा. मोजल्यावर कुणावर अन्याय झाला हे सांगायला साक्षीदार लागत नाही. पेशंटची वाटणीही तशीच. संख्येने समान वाटणी ही खरी समान नसते, म्हणून पेशंट किती गंभीर आहे हे धरून वाटणी करा, आणि नव्या मुलीला एखादा अवघड पेशंट द्यायचा असेल तर त्या शिफ्टला तिच्याबरोबर कोण उभी राहील ते नाव लिस्टवरच लिहा. तिने कुणाला विचारायचं हे कागदावर ठरलेलं असलं, की ‘मला का विचारतेस?’ म्हणून कुणी तिला हाकलू शकत नाही.

ओव्हरचा मुद्दा मी वेगळा काढते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. पाणउताऱ्याने माणूस दुखावतो. माहिती लपवल्याने रुग्ण दगावू शकतो. ॲलर्जी, थांबवलेलं औषध, रात्री घसरलेला रक्तदाब यांतलं एक जरी मुद्दाम सांगितलं नाही, तर तो भांडणाचा विषय राहत नाही, ती रुग्ण-सुरक्षेची घटना होते आणि तिची नोंद तशीच व्हायला हवी. ओव्हर पेशंटच्या बेडपाशी, ठरलेल्या छापील नमुन्यावर, दोघींच्या सहीने सुरू करा : रुग्णाची सध्याची स्थिती, पूर्वइतिहास, आत्ताचं निरीक्षण, पुढे काय करायचं. पहिल्या काही आठवड्यांत शिफ्ट बदलताना तुम्ही स्वतः हजर राहा. तिथे कुणावर आरोप करायची गरज नाही. सगळ्यांसाठी पद्धतच बदलली, की अर्धवट सांगायला जागा उरत नाही.

यावर प्रशासनातलं कुणी म्हणेल की हे बायकांचे आपसातले रुसवे-फुगवे आहेत, रुग्णसेवेशी त्यांचा काय संबंध? त्यांच्यापुढे ठेवण्यासाठी दोन गोष्टी देते. इस्रायलमधले डॉक्टर आरिये रिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर एक प्रयोग केला. तो २०१५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. पथकांसमोर एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती झपाट्याने ढासळत असल्याचा सराव-प्रसंग होता. काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाने सुरुवातीला तुच्छतेचे शब्द ऐकवले, बाकीच्यांना नाही. ऐकून घेतलेल्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही, कारण त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. शिवीगाळ नव्हती, साधे तुच्छतेचे शब्द होते. आणि ती माणसं शिकाऊ नव्हती, रोज हेच काम करणारे डॉक्टर आणि नर्सेस होत्या. आता तुमच्या वॉर्डातल्या त्या मुलीचा विचार करा. हे ती रोज ऐकते, आणि ऐकून झाल्यावर तिला औषधाचा डोस काढायचा असतो.

दुसरी गोष्ट : अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये धमकावणारं आणि अपमानकारक वागणं हा रुग्ण-सुरक्षेला धोका असल्याचा इशारा सगळ्या रुग्णालयांना दिला, आणि १ जानेवारी २००९ पासून वागणुकीची लेखी संहिता आणि तिचा भंग झाल्यास काय करायचं याची ठरलेली प्रक्रिया, या दोन्ही गोष्टी नेतृत्वाची जबाबदारी म्हणून बंधनकारक केल्या. जबाबदारी नर्सेसच्या स्वभावावर टाकली नाही, रुग्णालय चालवणाऱ्यांवर टाकली, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आता त्या बाईंविषयी.

त्यांच्याशी बोलणं टाळू नका आणि लांबवूही नका, मात्र तयारीने जा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेराल्ड हिक्सन यांनी डॉक्टरांच्या वागणुकीसाठी एक चढती शिडी तयार केली, पुढे तीच पद्धत इतरांनाही लावली गेली. पहिली पायरी असते कॉफीच्या कपावरची साधी खासगी बातचीत : असं असं घडल्याचं कळलं, ते आपल्या इथल्या पद्धतीला धरून नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. पुन्हा घडलं, तर नोंदी समोर ठेवून इशारा. त्यानंतर वरिष्ठांनी लेखी घालून दिलेल्या अटी, मुदत आणि तपासणी. त्यानंतर शिस्तभंगाची कारवाई. पहिल्या पायरीवरच बरीच माणसं थांबतात, कारण त्याआधी त्यांना कुणी कधी काही म्हणालेलंच नसतं. तुमच्या सीनिअर बाईंना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंय का, की तुमच्या बोलण्याने मुली नोकरी सोडतायत? मला नाही वाटत.

बोलताना स्वभावावर जाऊ नका. ‘तुम्ही फार टोचून बोलता’ म्हटलंत की त्या म्हणतील, मी आहेच अशी स्पष्ट. त्यापेक्षा घडलेलं सांगा : ‘मंगळवारी सकाळी बारा नंबरच्या बेडपाशी, नातेवाईक उभे असताना, तुम्ही तिला “तुला पास कुणी केलं?” असं विचारलंत. त्यानंतर ती दिवसभर तुम्हाला काहीच विचारायला आली नाही. दुपारचं इन्सुलिन उशिरा गेलं.’ एवढं बोलून थांबा. त्यांना बोलू द्या. त्या बहुतेक म्हणतील की मुलगी चुकली होती. तेव्हा चूक मान्य करा, कारण कदाचित ती खरंच चुकली असेल. मग म्हणा, चूक दाखवायलाच हवी, ती बाजूला नेऊन दाखवा, पेशंटसमोर नाही. तुमच्याइतकं काम कुणाला येत नाही, म्हणूनच या मुलींनी तुमच्याकडे न घाबरता यावं असं मला वाटतं. शेवटी पुढे काय अपेक्षित आहे ते स्पष्ट सांगा, पुन्हा कधी बसायचं तो दिवस ठरवा आणि त्याच संध्याकाळी आपल्यापुरती तारखेसह नोंद करून ठेवा. तक्रार कुणी केली हे विचारलं, तर सांगा की मी स्वतः पाहिलं. म्हणूनच आधी स्वतः बघा. ऐकीव गोष्टींवर हे बोलणं करू नका.

इथे एक गोष्ट निकराने सांगाविशी वाटते, कारण समितीतही यावरच गाडी अडणार आहे. कडक असणं म्हणजे छळ नव्हे. इंजेक्शनआधी रुग्णाची ओळख तपासली नाही म्हणून जागच्या जागी थांबवणारी, डोस पुन्हा मोजायला लावणारी, शिकेपर्यंत पिच्छा न सोडणारी सीनिअर ही वॉर्डाची पुण्याई असते. तिच्याविरुद्ध कुणी धोरणाचा कागद नाचवला, तर तुम्ही तिच्या बाजूने उभं राहा. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. कडक सीनिअर कामाबद्दल बोलते आणि पुढच्या वेळी कसं करायचं ते दाखवते, तिचा नियम मर्जीतल्यांनाही तोच असतो, आणि तिच्यापाशी चूक कबूल करायला भीती वाटत नाही. छळणारी माणसाबद्दल बोलते, प्रेक्षक असताना बोलते, आणि चूक होऊ नये म्हणून मदत करण्याऐवजी ती होण्याची वाट बघते. मुद्दाम अर्धवट दिलेली ओव्हर कुठल्या बाजूला पडते, ते सांगायची गरज नाही.

त्या बाईंच्याही थकव्याची चौकशी करा. वर्षानुवर्षं कमी माणसांत वॉर्ड ओढणारी, दर वर्षी नव्या मुली शिकवणारी आणि त्या शिकवण्याचा ना वेळ ना मोबदला मिळणारी नर्स कडवट होते. शिकवणं हे त्यांचं अधिकृत काम करून त्यासाठी पेशंटचा भार कमी करता आला, तर तो करून द्या. पण हे सगळं त्यांचं वागणं थांबवण्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. आणि ‘त्या गेल्या तर वॉर्ड कसा चालेल’ या भीतीचा हिशोब एकदा पूर्ण मांडा. त्यांच्यामुळे दोन गेल्या, तिसरी निघाली आहे. त्या तिघी आज तिथे असत्या तर वॉर्ड कसा चालला असता?

आता धोरण. कागदाने काही बदलतं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं : नुसत्या कागदाने नाही, पण कागदाशिवायही नाही. तुमच्यासारखी एखादी इन्चार्ज चांगली निघाली की तिचा वॉर्ड सुधारतो, आणि तिची बदली झाली की पुन्हा मूळ पदावर येतो. धोरण हवं ते यासाठी. स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचे नियम १९९३ सालीच केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये मंजूर होऊन २५ जून २०२१ पासून अमलात आला. त्यात हिंसा आणि छळाच्या व्याख्येत एकदाच घडलेलं वागणंही धरलेलं आहे, सतत घडायलाच हवं असं नाही. आणि प्रशिक्षण घेणारे, शिकाऊ, स्वयंसेवक, नोकरी गेलेले, सगळे त्यात येतात. समितीच्या पहिल्या बैठकीत हा करार टेबलावर असू द्या. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि कंत्राटी नर्सेस तुमच्या धोरणातून सुटणार नाहीत हे तिथेच पक्कं करून घ्या, कारण सगळ्यात आधी भरडल्या जातात त्याच.

मसुद्यात मी तीन गोष्टींवर अडून बसले असते. एक, तक्रार थेट वरिष्ठाला डावलून करता आली पाहिजे. जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याच मार्फत अर्ज, असं जिथे असतं तिथे एकही तक्रार येत नाही आणि मग अहवालात लिहितात, ‘छळ निरंक’. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशर रुग्णालयात रुग्णांचे हाल होत होते आणि बोलणाऱ्या नर्सेसना धमकावलं जात होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालात त्याबाबत २९० शिफारशी आहेत. फ्रान्सिस यांनीच २०१५ मध्ये आणखी एक आढावा घेतला आणि त्यातून तिथल्या सरकारी रुग्णालयांत निर्भयपणे बोलण्यासाठी स्वतंत्र ‘पालक’, म्हणजे कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणारी व्यक्ती, नेमण्याची पद्धत आली. तुमच्याकडे त्या कामाला एखादी विश्वासातली, नेहमीच्या उतरंडीबाहेरची व्यक्ती नेमा आणि तिला थेट रुग्णालय-प्रमुखांना भेटता येईल अशी सोय लिहून घ्या.

दोन, मुदती. तक्रार मिळाल्याची पोच किती दिवसांत, चौकशी किती दिवसांत, निकाल कुणी कुणाला सांगायचा. मुदत नसलेली चौकशी म्हणजे तक्रारदारासाठी शिक्षाच. तीन, सूड. तक्रारीनंतर ड्युटी लिस्ट बिघडणं, रजा नाकारणं, मूल्यमापनात गुण कापणं, चहाच्या वेळी टेबलावरून सगळ्यांनी उठून जाणं हे सगळं सूडात मोडतं, असं उदाहरणं देऊन लिहा. आणि चौकशी चालू असताना कुणाला हलवायचंच असेल, तर तक्रार करणारीला तिच्या मर्जीविरुद्ध हलवायचं नाही, हे वाक्य मसुद्यात ठळक अक्षरांत असू द्या. आरोप झालेल्या व्यक्तीलाही आपली बाजू मांडायची पूर्ण संधी हवी, तो तिचा हक्क आहे. डॉक्टर, मेट्रन, व्यवस्थापक, सगळे याच धोरणाखाली यायला हवेत. फक्त नर्सेससाठी केलेलं धोरण नर्सेसनाच दोषी ठरवून मोकळं होतं.

‘छळ अजिबात खपवून घेतला जाणार नाही’ अशी घोषणा पहिल्या पानावर घालायला समितीतले काही लोक उत्सुक असतील. घालू देत, पण तेवढ्यावर विसंबू नका. एका चुकीच्या वाक्याला थेट बडतर्फीच, असं वातावरण झालं की सहकारी साक्ष द्यायला कचरतात आणि इन्चार्ज तक्रार पुढे पाठवायला. पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी कारवाई जास्त वेळा वापरली जाते, म्हणून ती जास्त उपयोगाची.

धोरणाबरोबर मोजणीही मागा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातले स्टोले आयनारसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ‘तुमचा छळ होतो का’ असं विचारून सुरुवात करण्याऐवजी ती मागच्या सहा महिन्यांत माहिती दडवली गेली का, आवाक्याबाहेरचं काम दिलं गेलं का, तुमच्याकडे दुर्लक्ष केलं गेलं का, असं एकेक वागणं विचारते. नाव न घेता ती भरून घ्या, वर्षाने पुन्हा घ्या, आणि सोबत राजीनामे, बदल्या, आजारपणाच्या रजा वॉर्डनिहाय मांडा. धोरण आल्यावर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील, तेव्हा कुणी घाबरून गेलं तर त्यांना एमी एडमंडसन यांचं १९९६ सालचं काम सांगा. रुग्णालयातल्या पथकांत औषधांच्या चुका शोधताना त्यांना असं दिसलं, की ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं तिथे नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. लोक तिथे जास्त चुकत नव्हते, तिथे चूक सांगायची भीती नव्हती.

राहिल्या त्या मर्जीतल्या दोघी-तिघी आणि बाकीच्या गप्प बसणाऱ्या. त्यांच्यासाठी मार्था ग्रिफिन यांचा २००४ सालचा प्रयोग उपयोगी आहे. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या २६ नर्सेसना त्यांनी छळाचे नेहमीचे प्रकार समजावून दिले आणि प्रत्येक प्रकाराला काय म्हणायचं ती वाक्यं घोकून घ्यायला लावली. वाक्यं छोट्या कार्डांवर लिहून त्यांच्याजवळ ठेवायला दिली. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ते आधीच तयार ठेवायचे. एक वर्षाने विचारलं तेव्हा ज्यांनी ती वाक्यं वापरली होती त्यांच्या बाबतीत त्रास थांबला होता. तुमच्या वॉर्डात असं म्हणता येईल : ‘तुम्ही डोळे फिरवलेत, काही सांगायचं असेल तर मला सरळ सांगा.’ ‘ती इथे नाही, तिच्याबद्दल आपण नको बोलूया.’ ‘ओव्हरमध्ये हे राहिलं, आत्ता सांगा, मी लिहून घेते.’ दर आठवड्याला पंधरा मिनिटं काढून ही वाक्यं सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, सीनिअर बाईंसकट. मात्र हा भार एकट्या नव्या मुलींवर टाकू नका. बचाव शिकवला म्हणजे हल्ला थांबवण्याची जबाबदारी संपत नाही.

मेट्रनबाईंना सोबत घ्यायचा प्रयत्न शेवटपर्यंत सोडू नका. त्यांनी सोसलं ते खरं आहे आणि तेव्हा त्यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही, हेही खरं आहे. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी तीन मुलींच्या प्रशिक्षणावर गेलेला वेळ, त्यांच्या जागी काढलेल्या जादा ड्युट्या आणि अर्धवट ओव्हरमुळे झालेल्या घटना एका पानावर मांडून त्यांच्या पुढे ठेवा, आणि नेमकं मागा : आठवड्यातून एकदा वॉर्डात येऊन नव्या मुलींशी त्यांनी स्वतः पाच मिनिटं बोलावं. कॅनडातल्या काही रुग्णालयांत अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांकडून घेतलेला एक उपक्रम सहा महिने चालवला होता. कर्मचाऱ्यांनी ठरावीक काळाने एकत्र बसून आपसातल्या वागण्याबद्दल मोकळेपणाने बोलायचं, एवढंच त्याचं मूळ. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सौजन्यही वाढलं होतं आणि व्यवस्थापनावरचा विश्वासही. त्या बैठकांसाठी लागणारा वेळ ड्युटीच्या तासांतून मिळावा लागतो, आणि तो देणं मेट्रनच्याच हातात आहे.

त्यांनी पानही बाजूला सारलं, तर तेच पान तारीख घालून लेखी स्वरूपात त्यांना द्या, पोच घ्या आणि समितीच्या अध्यक्षांना प्रत पाठवा. यात तुम्ही कुणाच्या मागून काही करत नाही. समितीत तुमचं नाव घातलंय ते वॉर्डात काय चालतं हे सांगण्यासाठीच. एकटीने मात्र जाऊ नका. इतर वॉर्डांच्या इन्चार्जपैकी एक-दोघींना आधी विश्वासात घ्या, नर्सेसची संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधीला समितीत जागा मागा. तुमच्याच विरुद्ध उलट तक्रार होण्याची शक्यता धरून चाला. त्यासाठीच बदललेल्या ड्युटी लिस्ट, ओव्हरचे सह्या केलेले नमुने आणि प्रत्येक बोलण्याची नोंद जपून ठेवायची आहे. यांतल्या कशातही रुग्णांची नावं नकोत, बेड नंबर आणि तारीख पुरते.